रबराचं वय आणि साडेचौऱ्याहत्तर हजार

जुनी मर्सिडीज 'स्वस्तात' मिळते असं जो म्हणतो, त्याने ती कधी जॅकवर चढवून खालून बघितलेली नसते. गाडीची किंमत वर्षागणिक उतरत जाते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. अडीच लाखाला मिळणाऱ्या तीस वर्षांच्या गाडीलाही लोअर आर्म मर्सिडीजचाच लागतो, आणि त्याचे पैसेही मर्सिडीजसारखेच पडतात. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी या गाडीच्याच बाजूने बोलणार आहे.

निमित्त घरचंच. गेल्या महिन्यात गाडीच्या पुढच्या सस्पेन्शनचं सगळं काम करून घेतलं आणि बिलाचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. एकूण 74,500 रुपये. दादाचा पहिला प्रश्न, "एवढ्यात नवी स्कूटर आली असती, नाही?" ताईचं म्हणणं, आता अण्णाही नाहीत, विकून टाका एकदाची. अमेरिकेतल्या भाच्याने हसण्याचे चार चेहरे पाठवले. वहिनींनी काहीच लिहिलं नाही, म्हणजे त्यांचं मत सगळ्यात कडक असणार. (वहिनी, ह. घ्या.) ग्रुपवर अंगठ्याने एवढं टंकणं माझ्याने होत नाही, म्हणून उत्तर इथे लिहितोय. तुम्हा नेहमीच्या वाचक मंडळींनाही यात काही सापडलं तर आनंदच आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती. मर्सिडीज आपल्याकडे आली ती टेल्कोचा हात धरून. 1994 मध्ये कंपनी स्थापन झाली आणि 1995 मध्ये पिंपरीला टेल्कोच्या आवारात ई-क्लासची जुळणी सुरू झाली. चाकणचा स्वतंत्र कारखाना त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, 2009 मध्ये आला. पिंपरीत सुरुवातीला जुळवली जायची ती डब्ल्यू-124 नावाने ओळखली जाणारी चौकोनी गाडी. जर्मनीत 1984 मध्ये आलेलं हे मॉडेल तिथे निरोप घेत होतं तेव्हा आपल्याकडे नव्याने दाखल झालं. आमची ई-220 ही त्यातलीच, 1996 ची. अण्णांची सगळी नोकरी टेल्कोत गेली. निवृत्तीनंतर त्यांनी ही सेकंड हँड घेतली, तेव्हा "आमच्याच आवारातून बाहेर पडलेली पोरगी आहे" असं ते सगळ्यांना सांगत. तेव्हा भावनेचा भाग आहेच, तो मी लपवत नाही. पण 74,500 रुपये भावनेपोटी घातलेले नाहीत. त्याचा हिशेब असा:

दोन लोअर आर्म, बुश आणि बॉल जॉइंटसकट: 22,000
पुढचे दोन शॉकॲब्सॉर्बर: 17,000
त्यांची वरची दोन माउंटिंग: 6,000
दोन टाय रॉड आणि मधली ड्रॅग लिंक: 11,500
स्टॅबिलायझर बार आणि आयडलर आर्म यांचे बुश: 3,500
मजुरी: 13,000
अलाइनमेंट: 1,500

आता यातल्या प्रत्येक ओळीवर ग्रुपवर आक्षेप आलेला असल्यामुळे एकेक घेतो.

पहिला आक्षेप दादाचा. आवाज डाव्या बाजूने येत होता, मग उजवी बाजू का उघडली?

यासाठी गाडीचा पुढचा भाग कसा असतो ते थोडं समजून घ्यावं लागेल. आपल्या बहुतेक साध्या गाड्यांत पुढची स्प्रिंग शॉकॲब्सॉर्बरच्या भोवती बसवलेली असते. या गाडीत दोन्ही वेगवेगळे आहेत. स्प्रिंग बसते खालच्या आर्मवर. म्हणजे पुढच्या चाकावर येणारं गाडीचं वजन स्प्रिंगमधून आर्मवर, आर्ममधून बॉल जॉइंटवर आणि तिथून चाकावर उतरतं. गाडी सुमारे 1,400 किलोची. म्हणजे लिंबाएवढी गोळी असलेल्या एकेका बॉल जॉइंटवर, गाडी नुसती उभी असताना, साडेतीनशे किलोच्या आसपास भार. खड्ड्यात आदळली की याच्या कितीतरी पट. शिवाय स्टिअरिंग फिरवताना त्याच गोळीवर अख्खं चाक वळतं. ही गोळी वाटीतून निसटली तर चाक बाहेरच्या बाजूला लोळतं आणि गाडी त्या कोपऱ्यावर बसते. सोसायटीच्या गेटपाशी झालं तर हसून सोडता येईल. ताम्हिणी किंवा वरंध घाटात झालं तर हसायला कोण राहील, सांगता येत नाही.

आता उजव्या बाजूचं. दोन्ही बाजूंचे भाग एकाच दिवशी बसवले गेले, एकाच रस्त्यावर चालले, एकाच उन्हात तापले. डावी बाजू आधी बोलली कारण आपल्याकडे रस्त्याची डावी कड जास्त फुटकी असते, खड्डे आणि चेंबर तिकडेच. उजवी बाजू धडधाकट होती असा याचा अर्थ नाही, तिची पाळी यायची होती. आणि एका बाजूला नवा ताठ शॉकॲब्सॉर्बर, दुसऱ्या बाजूला दमलेला, अशी गाडी जोरात ब्रेक मारल्यावर कुठे ओढेल ते तीच जाणे. डोळे तपासायला गेलो आणि एका डोळ्याचा नंबर वाढलेला निघाला, तरी डॉक्टर दुसरा डोळा तपासतोच की.

दुसरा आक्षेप ताईचा. गाडी चालतेच कुठे? वर्षाला तीन हजार किलोमीटर जेमतेम.

ताई, किलोमीटर लोखंडाला लागू पडतात. रबर वर्षं मोजतं. बुश म्हणजे दोन लोखंडी नळ्यांच्या मध्ये घट्ट चिकटवलेलं रबर. आर्म वरखाली होतो तेव्हा ते रबर पिळलं जातं आणि पुन्हा मूळ जागी येतं. खड्ड्याचा धक्का तुझ्या कमरेपर्यंत पोचायच्या आधी त्यातला बराचसा हे रबर गिळतं. पण ऊन, इंजिनाची धग, गळणाऱ्या ऑइलचे थेंब आणि हवेतला ओझोन यांनी ते कडक होत जातं, भेगाळतं, मग लोखंडापासून सुटतं. गाडी पार्किंगमध्ये कापडाखाली झाकून ठेवली तरी हे थांबत नाही. लोणच्याची बरणी उघडली नाही म्हणून लोणचं जुनं होत नाही असं थोडंच आहे?

त्यामुळे कमी चाललेली जुनी गाडी घ्यायला निघालेल्यांना माझं एकच सांगणं असतं. मीटरवरचा आकडा बघून हुरळू नका. रबराचं वय विचारा.

तिसरा आक्षेप दादाचाच, आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. "आधी दाखवलं होतंस त्या गॅरेजवाल्याने तर चाक हलवून बघितलं आणि काही नाही म्हणाला. मग दुसऱ्यालाच कसं दिसलं?"

दिसलं, कारण त्याने गाडी उचलली वेगळ्या पद्धतीने. नेहमीच्या पद्धतीत जॅक चॅसीखाली लावतात, चाक लोंबकळतं आणि मेस्त्री ते दोन्ही हातांनी हलवून बघतो. पण या गाडीत चाक लोंबकळत असतानाही आतली स्प्रिंग आर्मला खाली रेटतच असते. बॉल जॉइंट त्या जोरात आवळलेला राहतो आणि त्यातली झीज कळत नाही. जॅक थेट लोअर आर्मखाली लावून स्प्रिंगचा भार त्याच्यावर घेतला, की जॉइंट मोकळा होतो. मग चाकाखाली टॉमी घालून जरा उचललं तरी ती खट्‌कन हलते. आमच्या दुसऱ्या मेस्त्रींनी मला खाली बसवून हे दाखवलं. डाव्या बाजूची हालचाल डोळ्यांना दिसत होती, उजव्या बाजूची बोटाला जाणवत होती.

पहिला माणूस लबाड होता असं मी म्हणणार नाही. त्याच्याकडे रोज येणाऱ्या गाड्या वेगळ्या घडणीच्या, त्यांना ती पद्धत चालते. पण यातून एक गोष्ट मनात पक्की झाली. भाराखाली असलेली वस्तू शाबूत दिसते. तिच्यावरचा भार दुसऱ्या कुणीतरी घेतल्याशिवाय ती किती झिजलीय ते कळत नाही.

(हे वाक्य गाडीबद्दलच लिहिलंय. पण अण्णांच्या शेवटच्या दोन वर्षांत त्यांचं सगळं वहिनींनी केलं, आणि त्या पंधरा दिवस माहेरी गेल्या तेव्हा आम्ही तिघं भावंडं कशी मेटाकुटीला आलो, ते आठवल्याशिवाय राहिलं नाही.)

चौथा आक्षेप भाच्याचा. पूर्ण आर्म कशाला, नुसते बुश दाबून बसवले असते तर अर्ध्यात काम झालं असतं.

बरोबर आहे, बसवता येतात. नाना पेठेत हिंडलास तर मर्सिडीजचा म्हणून बुश अगदी किरकोळ पैशांतही मिळेल. काही ठिकाणी जुन्या नळीत नवं रबर भरूनही देतात, आणि त्या हातांच्या कौशल्याबद्दल मला आदरच आहे. पण आर्म काढायचा तर आतली ताकदवान स्प्रिंग आधी खास कॉम्प्रेसरने दाबून काढावी लागते. ती सुटली तर माणूस जायबंदी होतो. जोखमीचं आणि मजुरीचं खरं काम ते. एवढा उपद्व्याप करून आत जायचं आणि दोन वर्षांत भेगाळेल असं रबर घालून बाहेर यायचं, यात बचत कुठली? पूर्ण आर्म घेतला की बुश आणि बॉल जॉइंट कारखान्यातच बसवलेले येतात. तेव्हा तारेच्या खोक्यातला नको, पण नावाजलेल्या जर्मन सुट्या भागांच्या कंपनीचा घ्यावा, असा मधला मार्ग मी निवडला.

आणखी एक बारीकशी गोष्ट, जी स्वतः काम करणाऱ्या भाच्याला ठाऊक असेलच, पण इतरांसाठी सांगतो. बुशच्या बोल्टला शेवटचा आवळ गाडी चाकांवर उभी असताना द्यायचा असतो. गाडी लिफ्टवर टांगलेली असताना आवळलं, तर रबर त्या लोंबकळलेल्या स्थितीत पकडलं जातं. मग गाडी खाली उतरवली की ते कायमचं पिळलेलं राहतं आणि नवंकोरं असूनही लवकर फाटतं. म्हणून मेस्त्री निवडताना तो कुठल्या कुठल्या गाड्यांचं काम करतो ते मी फारसं विचारत नाही. "बोल्ट शेवटी केव्हा आवळणार?" एवढंच विचारतो. प्रश्न कळला तर माणूस कामाचा.

पाचवा आक्षेप उघडपणे कुणीच घेतला नाही, पण सगळ्यांच्या मनात तोच आहे. गाडीच्या किमतीच्या जवळजवळ तीस टक्के पैसे तिच्या पुढच्या दोन चाकांत घालणं हे शहाणपणाचं लक्षण आहे का?

विकायच्या दृष्टीने पाहिलं तर नाही. या 74,500 मधला एक रुपयाही विकताना परत येणार नाही. पण प्रश्नच चुकीचा मांडला जातोय असं मला वाटतं. गाडी रस्त्यावर धावते तेव्हा तिची बाजारातली किंमत समोरून येणाऱ्या माणसाला माहीत नसते. दीड टनाची वस्तू एकतर नीट धावते किंवा नीट धावत नाही. जुनी आहे म्हणून थोडी कमी सुरक्षित चालेल, ही सवलत आपण कुणाच्या जिवावर घेतो? परवडत नसेल तर गाडी काढून टाकावी, हे मला मान्य आहे. ठेवायची पण तिच्यावर खर्च करायचा नाही, हा तिसरा मार्ग मात्र मला मान्य नाही. आणि आपल्याकडे बहुतेक जुन्या गाड्या याच तिसऱ्या मार्गाने चाललेल्या दिसतात.

सरकारचंही म्हणणं आता जुन्या गाड्या काढा असंच आहे. 2021 मध्ये स्क्रॅप धोरण आलं. पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या नोंदणीचं नूतनीकरण पूर्वी 600 रुपयांत व्हायचं, ते एप्रिल 2022 पासून 5,000 झालं. ऑगस्ट 2025 मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी ते 10,000 केलं. वर आपल्या राज्याचा पर्यावरण कर वेगळा. आमच्या गाडीचं दर पाच वर्षांचं नूतनीकरण 2026 मध्येच येतं. यात अन्याय झाला असं मी म्हणत नाही. नव्या गाडीचा धूर स्वच्छ असतो, तिच्यात एअरबॅग जास्त असतात, हे खरंच आहे. पण वय हे तब्येतीचं माप नव्हे. पाच वर्षांची, बॉल जॉइंट ढिले झालेली गाडी तीस वर्षांच्या नीट राखलेल्या गाडीपेक्षा धोकादायक आहे. फी घ्या, कर घ्या, पण तपासणीच्या दिवशी कुणीतरी जॅक योग्य जागी लावून टॉमी घाला एवढीच विनंती.

आणि रस्त्यांबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुण्यात तरी पुरा होत नाही. हे गाड्यांचं गाव. पिंपरीला टेल्को, आकुर्डीला बजाज, मुंढव्याला भारत फोर्ज, जिथे ट्रकांचे पुढचे ॲक्सल घडवले जातात. वेताळ टेकडीवर एआरएआय, 1966 पासूनची, जिथे देशभरच्या गाड्या तपासल्या जातात. आणि याच गावात घरापासून मंडईपर्यंत जाताना किती स्पीडब्रेकर लागतात ते मोजायला घेतलं की माणूस मध्येच नाद सोडतो. इंडियन रोड्स काँग्रेसने स्पीडब्रेकर कसा असावा ते केव्हाच लिहून ठेवलंय. 3.7 मीटर रुंद, मध्ये 10 सेंटिमीटर उंच, गोलसर, ताशी 25 किलोमीटरने सुखाने ओलांडता येईल असा. आमच्या गल्लीतला अर्धा मीटरही रुंद नसेल आणि उंची विचारू नका. त्यात दर डांबरीकरणाला रस्ता वर चढतो आणि ड्रेनेजचं झाकण होतं तिथेच राहतं. गाडीचे बुश झिजतात ते मालकाच्या बिलात दिसतं. सायकलवाल्याचे मणके झिजतात त्याचं बिल कुठेच दिसत नाही.

या सगळ्यात मला खरी खात्री पटली ती आईमुळे. आई 82 वर्षांची, पुढच्या सीटवर बसते. गेल्या वर्षभरात एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. स्पीडब्रेकर यायच्या आधीच तिचा हात दारावरच्या कडीकडे जायचा. विचारलं तर "मला काही होत नाही रे, तू चालव." डावीकडून पहिल्यांदा खट्‌ ऐकू आलं ते फार नंतर. तिच्या शरीराला ते आधीच कळलं होतं. काम झाल्यावर तिला घेऊन कर्वे रस्त्याने डेक्कनपर्यंत गेलो आणि आलो. हात पूर्ण वेळ मांडीवर होता. तिने स्वतःहून काही म्हटलं नाही आणि मीही विचारलं नाही.

याच कारणाने मला 'ऐषारामी गाडी' हा शब्द पटेनासा झालाय. ऐषाराम म्हणजे चामड्याची सीट आणि लाकडी पट्टी, असा आपला समज. पण खालून बघितलं की कळतं, आराम म्हणजे धक्का मध्येच कुणीतरी सोसणं. हे सोसणारे भाग झिजण्यासाठीच बनवलेले असतात. झिजणं हा त्यांचा दोष नव्हे, ते त्यांचं काम. झिजलेलं बदललं नाही तर दोष मात्र आपल्याकडे येतो.

आणि हे आपल्याला गाडीपुरतंच जमत नाही असंही नाही. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, एसटीच्या दोन गाड्यांसकट. 15 जून 2025 ला, रविवारी, आपल्या तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल कोसळला आणि चार माणसं गेली. तिथे तर धोक्याची पाटीही होती. पूल आणि बॉल जॉइंट यांची बरोबरी करणं अतिशयोक्तीचं वाटेल. पण "अजून उभा आहे ना, मग चालतंय" हा विचार दोन्हीकडे तोच असतो. उभं असणं म्हणजे शाबूत असणं नव्हे, एवढं जरी आपण घराघरांत शिकलो तरी पुष्कळ झालं.

असो. ताई, तुझ्या "विकून टाका"ला माझं उत्तर नाही असं नाही, त्याला अट आहे. ज्या दिवशी खालचा पत्रा इतका गंजेल की जॅक लावायला भरवशाची जागा उरणार नाही, किंवा ज्या वर्षी असं काम करायला माझ्याकडे पैसे नसतील, त्या दिवशी ती जाईल. विकून नाही, स्क्रॅपला. अर्धवट झिजलेली गाडी 'स्वस्तात' दुसऱ्याच्या पोराच्या गळ्यात मारणं मला जमणार नाही. तोवर ती राहील, आणि राहील ती धड राहील.

दादा, स्कूटर घ्यायची असेल तर जरूर घे. तिलाही पुढे बुश असतात.

ता. क. : बिल मी एकट्याने भरलंय, वर्गणी मागायला हा लेख लिहिलेला नाही. पण नूतनीकरणाच्या 10,000 मध्ये कुणाला हातभार लावायचा असेल तर नाही म्हणणार नाही.